बाहेर सुरू झालेला तास वर्गात संपवा

संग्रामपूर तालुक्यातल्या शाळेच्या मैदानावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं, की आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी सातपुडा दिसतो. पाठीमागे, दक्षिणेला, पूर्णा वाहते. या दोहोंमध्ये जेमतेम एका तालुक्याची रुंदी आहे. पण तेवढ्यात डोंगराचा काळा पाषाण, पायथ्याचे गोटे, पुढे पसरलेली काळी माती, गोडं पाणी, खारं पाणी, साग-सालईचं जंगल, संत्र्याच्या बागा आणि कपाशी हे सगळं येऊन जातं. पाचवी ते दहावीच्या भूगोल-विज्ञानाच्या पुस्तकांतले कितीतरी धडे या पट्ट्यात चालत जाऊन शिकवता येतील असे आहेत. तरीही आपण मुलांना बाहेर नेतो ते वर्षातून एकदा, गाडी करून, शंभर कोस लांब. हा लेख त्या सहलीबद्दल नाही. शाळेच्या फाटकाबाहेर दहा मिनिटं चालून, एक तास काम करून परत वर्गात येण्याबद्दल आहे, आणि तो मी जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांमधल्या, चाळीस मुलांचा वर्ग एकट्यानं सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी लिहितो आहे.

हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं केलेल्या कामातून शिक्षणाची मांडणी केली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिला आकार दिला आणि सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं जिथं चरायला गेली, तिथं शाळाही गेली. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की मुलं जिथं होती आणि त्यांना जे ठाऊक होतं, तिथून त्यांनी सुरुवात केली. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी सुरू झाली की हजेरीपटावर गैरहजेरीची फुलीमागून फुली पडते. ते मूल परत येईल तेव्हा त्याला फक्त बुडालेला धडा उतरवायला लावू नका. वेचणीचा दर किलोवर असतो, वजन काट्यावर होतं, सकाळच्या दवानं ओला झालेला कापूस जास्त भरतो. त्या मुलाला फळ्याशी उभं करा आणि गणिताचा तास त्याच्याकडून सुरू करा. मुलांनी शाळा बुडवून वेचणीला जावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण गेलेलं मूल रिकाम्या हातानं परतलेलं नसतं, एवढं आपण मान्य करावं.

आता मुख्य गोष्ट. बाहेर जाताना एकच प्रश्न घेऊन जा. आणि तो असा असू द्या की त्याचं उत्तर मोजून, मोजदाद करून किंवा तुलना करून मिळेल. ‘चला, आज निसर्गाचं निरीक्षण करू’ असं म्हटलं की चाळीस मुलं चाळीस दिशांना पाहतात आणि दहा मिनिटांत एकमेकांच्या टोप्या उडवायला लागतात. तो दोष मुलांचा नाही, त्यांना काम दिलेलं नसतं. त्याऐवजी ‘बांधाच्या उत्तरेच्या बाजूला जास्त प्रकारचं गवत आहे की दक्षिणेच्या?’ असं विचारा. किंवा ‘शाळेच्या बोअरच्या पाण्यात साबणाला जास्त फेस येतो की नळाच्या?’ अशा प्रश्नावर मुलं भांडायला लागतात, आणि त्या भांडणातच शिकणं सुरू होतं. प्रश्न बाहेर जाण्याआधी वर्गातच फळ्यावर लिहा. प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्या. अंदाज लिहिलेला असला की मूल उत्तराची वाट पाहतं.

आपल्या तालुक्यात शिकवायला खारपाणपट्ट्याएवढा चांगला विषय नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणी खारं, मातीत सोडियमचं प्रमाण जास्त, पाऊस पडला की चिखल आणि उघडला की दगडासारखी घट्ट जमीन. सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा-टुनकीकडे, मात्र गोट्यांचा थर आहे. तिथं पाणी झपाट्यानं खाली मुरतं. एकाच वर्गात या दोन्ही बाजूंची मुलं असतात, नाहीतर कुणाचा मामा तरी तिकडचा असतो. तेव्हा प्रत्येकाला आपापल्या घरचं पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत आणायला सांगा. बाटलीवर चिठ्ठी हवी: गाव, विहीर की बोअर की नळ की हातपंप, आणि तारीख.

पहिल्या तासाला फेसाचा प्रयोग घ्या. सारख्या आकाराच्या बाटल्यांत सारखंच पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून त्याचे मोजून दहा-दहा थेंब टाका, वीस वेळा हलवा आणि फेसाची उंची पट्टीनं मोजा. कपडे धुण्याची पावडर इथं चालत नाही, ती जड पाण्यातही फेस देते. दुसरा प्रयोग उन्हात करायचा. पसरट, शक्यतो गडद रंगाच्या भांड्यांत प्रत्येक नमुन्याचं समान पाणी ठेवा, वर पातळ फडकं बांधा आणि पाणी आटू द्या. तळाशी पांढरा थर उरतो. कुणाचा जाड, कुणाचा नुसता डाग.

यात एक गंमत आहे आणि ती मुलांनी स्वतः शोधावी. फेसाचा क्रम आणि पांढऱ्या थराचा क्रम नेहमी जुळत नाही. फेस कमी होतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, म्हणजे पाण्याच्या जडपणामुळे. ताटलीत उरतात ते सगळे क्षार, मिठासकट. एखाद्या नमुन्यात फेस बऱ्यापैकी आणि थरही जाड, असं दिसलं तर लगेच खुलासा करू नका. ‘असं कसं झालं असेल?’ हा प्रश्न घेऊन मुलांना घरी जाऊ द्या. विरघळलेले एकूण क्षार मोजणारं पेनाएवढं मीटर काहीशे रुपयांत मिळतं, ते शाळेनं घेतलं तर आकडेही मिळतील. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतली जाते. लिटरला २००० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम, चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहूनही कमी. एवढ्याशानं पाण्याची चव बदलते याचं मुलांना नवल वाटतं. चव मात्र कुणी घेऊन पाहायची नाही, हे आधीच बजावा.

इथं सावधगिरीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. या भागात मूत्रपिंडाचे आजार घराघरांत बोलले जातात. वर्गात एखाद्या मुलाचे वडील किंवा आजोबा त्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले असू शकतात. पाण्याच्या बाटल्या समोर आल्या की कुणीतरी ‘याच पाण्यानं किडनी जाते का, सर?’ असं विचारणारच. शाळेतल्या प्रयोगानं त्याचं उत्तर मिळत नाही आणि आपण डॉक्टर नाही, हे त्या मुलाला प्रेमानं आणि सरळ सांगा. कुणाच्या घरचं पाणी ‘वाईट’ असा शिक्का मारू नका. फळ्यावर घरांची नावं लिहिण्याऐवजी नमुन्यांना क्रमांक द्या. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक असतात, पाणी तपासणीच्या संचावर काम करायला गावातल्या महिलांना प्रशिक्षण दिलेलं असतं. त्यांच्यापैकी एकीला वर्गात बोलवा. गावातलीच कुणी काकू रसायनाचे थेंब टाकून रंग दाखवते आहे, हे मुलींनी पाहणं माझ्या मते पुस्तकातल्या शास्त्रज्ञाच्या चित्रापेक्षा जास्त कामाचं आहे.

तिसरा प्रयोग मातीचा, आणि हा मला सगळ्यांत आवडतो कारण त्याला काहीच लागत नाही. पूर्णाकाठच्या शेतातलं वाळलेलं, बोराएवढं ढेकूळ घ्या आणि पायथ्याच्या शेतातलंही. दोन काचेच्या पेल्यांत पावसाचं पाणी भरा आणि ढेकळं अलगद सोडा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. दहा मिनिटांनी पाहा, दोन तासांनी पाहा, दुसऱ्या दिवशी पाहा. सोडियम जास्त असलेल्या मातीच्या ढेकळाभोवती ढगासारखा गढूळपणा पसरत जातो, कारण मातीचे बारीक कण एकमेकांना सोडून देतात. दुसरं ढेकूळ फुटून पडलं तरी त्याच्या वरचं पाणी नितळ राहतं. ‘सर, याचं पानी पुरं गढूय झालं न!’ असं कुणी ओरडलं तर ते वाक्य तसंच फळ्यावर लिहा, वऱ्हाडीतच. मग पुढचा प्रश्न द्या: हेच ढेकूळ पावसाच्या पाण्याऐवजी खाऱ्या बोअरच्या पाण्यात सोडलं तर? बहुतेकदा गढूळपणा कमी होतो, कारण पाण्यातले क्षार कणांना धरून ठेवतात. म्हणजे ही जमीन पावसाच्या गोड्या पाण्यातच जास्त बिघडते. पावसाळ्यात वावरात पाणी का मुरत नाही, रस्ता का चिकट होतो आणि कृषी विद्यापीठ अशा जमिनीत जिप्सम टाकायला का सांगतं, या सगळ्याचं मूळ मुलांना त्या पेल्यात दिसतं. पेल्यात चिमूटभर जिप्सम टाकून पाहा, शेतकऱ्याच्या घरी ते मिळेल. पाणी हळूहळू निवळताना पाहणारा नववीचा मुलगा रासायनिक बंधाचा धडा वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

पाणी-मातीवर एवढा वेळ मी मुद्दाम घेतला. बाकीचे विषय थोडक्यात सांगतो.

सावलीसाठी एक मीटरची सरळ काठी पुरते. सपाट जागी ती ओळंब्यानं सरळ उभी करा आणि सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सावली सगळ्यांत आखूड होते ती घड्याळात बारा वाजता नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७६.७ अंशाच्या जवळ आहोत, म्हणून आपली मध्यान्ह उशिरा होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी येते. त्या वेळी, २२ डिसेंबरच्या सुमारास, संग्रामपुरात एक मीटर काठीची सावली जवळजवळ एक मीटरच भरते, आणि २३ सप्टेंबरला फक्त ३८ सेंटिमीटर. सावली अजिबात नाहीशी होण्याचे दिवस आपल्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला येतात. मेमध्ये सुट्टी आणि जुलैत ढग, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. सप्टेंबर आणि डिसेंबरमधले हे दोन दिवस शाळेच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा. सर्वांत आखूड सावली ज्या रेषेत पडते ती खरी उत्तर-दक्षिण. ती मैदानावर चुन्यानं आखली की नकाशा त्या रेषेवर ठेवून शिकवता येतो.

पावसाचं माप घ्यायला सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून पर्जन्यमापक होतो. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून आधी थोडं पाणी ओतून जिथं सरळ भाग सुरू होतो तिथं शून्याची खूण करा. झाडं आणि छतापासून दूर, रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं. हवामान खातं हीच वेळ पाळतं, त्यामुळे आपला आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की महसुली हिशोबात अतिवृष्टी. ६५ मिलिमीटर एका एकरावर म्हणजे २ लाख ६० हजार लिटरच्या वर, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. जुलै २०२३मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांवर जो पाऊस कोसळला, घरं आणि वावरं खरडून गेला, तो या मुलांनी पाहिलेला आहे. त्या वर्षीच्या आठवणी ऐकून मग हा हिशोब करा, मुलांना आकड्यामागचं पाणी दिसेल. पुरात ज्यांच्या घरचं काही गेलं, त्यांना बोलायची सक्ती मात्र करू नका.

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे हा तयार अभ्यास आहे. सापळ्यात रोज किती पतंग सापडले, सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा जास्त आले का, हा शेतकऱ्यांना दिलेला इशाऱ्याचा आकडा आहे. मुलांनी आठवडाभर नोंद ठेवून आलेख काढला तर तो बापाच्याही कामाचा असतो. पण एक अट आहे आणि तिच्यावर तडजोड नाही. फवारलेल्या शेतात मुलं न्यायची नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्यापासून फार दूर घडलेलं नाही. शेवटची फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारा, खात्री नसेल तर सापळा धुऱ्यावर मागवून तिथंच मोजा.

जंगलाचं थोडं निराळं आहे. अंबाबरवा अभयारण्य आपल्या तालुक्यात आहे. १९९७ साली घोषित झालेलं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथं वनविभागाची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक असल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि आतून पान-पीस-दगड काहीही उचलून आणू नका. खरं सांगायचं तर जंगल शिकवण्यासाठी अभयारण्यात जायलाच हवं असं नाही. पायथ्याच्या गावातल्या शाळेभोवती मोह, पळस, सालई असतेच. आणि वर्गात भिलाला, बारेला, कोरकू, निहाल घरांतली मुलं असतील तर त्या तासाचे शिक्षक ती आहेत. मोहाची फुलं कधी गळतात, तेंदूपान कोणत्या अवस्थेत तोडतात, चारोळी कशी फोडतात, हे त्यांना माहीत असतं आणि आपल्याला नसतं. त्यांच्या भाषेतली झाडांची नावं आधी लिहा, मराठी नाव शेजारी. जे मूल वर्गात वाचनाच्या वेळी मान खाली घालून बसतं, ते इथं पुढे चालायला लागतं. हे मी एका मुलाबद्दल नाही, वर्षानुवर्षं पाहिलेल्या अनेक मुलांबद्दल सांगतो आहे. पण ती ओळख त्या एका दुपारपुरती राहू देऊ नका. परत आल्यावर त्यानं सांगितलेल्या गोष्टींचाच मजकूर फळ्यावर लिहा आणि वाचनाचा पाठ त्यावर घ्या.

आता मुलं सांभाळण्याबद्दल. पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटात एक मोजणारा, एक लिहिणारा, एक चित्र काढणारा, एक वेळ पाहणारा, एक सामान सांभाळणारा. दर वेळी कामं फिरवा. न फिरवल्यास मुलींकडे लेखन आणि मुलांकडे फीत, असं आपोआप होऊन बसतं. हद्द आधी दाखवा: ‘त्या बाभळीपासून या बांधापर्यंत’. परत बोलावण्याची एक खूण ठरवा, शिट्टी किंवा टाळ्यांचा ठेका, आणि तिचा सराव मैदानावरच दोनदा घ्या. समजावून सांगताना ऊन तुमच्या तोंडावर घ्या, मुलांच्या डोळ्यांवर नको, आणि वारा तुमच्या पाठीकडून मुलांकडे वाहील असे उभे राहा, म्हणजे ओरडावं लागत नाही. बाहेर दोन मिनिटांहून जास्त बोलू नका. जे सांगायचं ते वर्गात सांगून निघा. पेनापेक्षा पेन्सिल बरी, भिजली तरी पुसत नाही. वहीच्या पानावर तीन रकाने आखून न्या: ‘दिसलं’, ‘मोजलं’, ‘वाटलं’. ‘कावळा चिडला होता’ हे ‘वाटलं’मध्ये जातं, ‘कावळा सहा वेळा ओरडला’ हे ‘मोजलं’मध्ये. सहावी-सातवीत हा फरक हाताला लागला की पुढे विज्ञानाची भाषा परकी वाटत नाही.

धोक्यांचा विचार शांतपणे, आधी करा. आपल्याकडे मार्चपासून ऊन तापतं, तेव्हा बाहेरचा तास सकाळच्या शाळेच्या पहिल्या तासिकेतच घ्या. नदीच्या पात्रात पावसाळ्यात उतरायचं नाही. वान धरण वर आहे, आणि डोंगरात झालेला पाऊस आपल्याकडे आभाळ कोरडं असतानाही खाली येतो. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं मला उघड्या विहिरीपेक्षाही भयंकर वाटतं. घसरून आत गेलेलं पोहणारं मूलसुद्धा त्या गुळगुळीत उतारावरून वर येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या काठालाही न्यायचं नाही. आभाळ गडगडायला लागलं की काम तिथंच सोडून शाळेत परत, झाडाखाली थांबणं नाही. आग्या मोहोळाची झाडं आदल्या दिवशी स्वतः चालत जाऊन पाहून या. दगड हातानं उलटायचा नाही, काठीनं उलटायचा. साप चावल्यास प्रतिविष कुठे मिळतं हे जवळच्या आरोग्य केंद्रात आधी विचारून ठेवा, १०८ क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या. शाळेच्या हालचाल रजिस्टरमध्ये नोंद, मुख्याध्यापकांची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक सोबत, एवढं प्रत्येक वेळी हवंच. दहावीच्या मुलींचा विचार करून तास स्वच्छतागृहापासून फार लांब नेऊ नका. हे कुणी आपल्याला सांगत नाही, आणि म्हणून मुली बाहेर यायला टाळतात.

आणि आता ते, जे बहुतेक ठिकाणी राहून जातं. मुलं परत आली, घंटा झाली, पुढचा विषय सुरू झाला, आणि बाहेरचा तास हवेत विरला. असं झालं तर बाहेर नेलं नसतं तरी चाललं असतं. बाहेर मुलं आकडे गोळा करतात, त्यांचा अर्थ वर्गात लागतो. म्हणून शक्य तर दोन तासिका जोडून घ्या. आल्यावर प्रत्येक गटाचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा. ते जुळणार नाहीत. एकाच बांधावर एका गटाला गवताचे सात प्रकार सापडतील, दुसऱ्याला अकरा. इथं घाईनं बरोबर उत्तर सांगू नका. ‘तुम्ही कसं मोजलं?’ असं दोन्ही गटांना विचारा. एकानं कोवळं आणि जून गवत वेगळं धरलेलं असेल, दुसऱ्यानं नाही. मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, हे मुलांच्या तोंडून आलं पाहिजे, आणि ते पाच-दहा मिनिटांच्या वादानंतरच येतं. मग सरासरी, मग स्तंभालेख, मग पुस्तकातला धडा उघडा. क्रम उलटा ठेवण्यानं मोठा फरक पडतो. धडा आधी वाचून बाहेर गेलेलं मूल पुस्तकात लिहिलंय तेच शोधतं, आकडे घेऊन परतलेलं मूल धड्याला प्रश्न विचारतं.

शेवटची दहा मिनिटं लेखनाची. ‘निसर्गरम्य’ शब्दानं सुरू होणारा निबंध नको. आपला अंदाज काय होता, काय निघालं, आणि आता कोणता नवा प्रश्न पडला, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येकानं लिहाव्यात. तपासताना शुद्धलेखनाच्या लाल रेघा त्या दिवशी बाजूला ठेवा. नव्या प्रश्नाखाली मात्र एक ओळ स्वतःच्या हातानं लिहा. चाळीस वह्या होतात, वेळ लागतो, पण मूल ती ओळ वाचतं.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ ही शंका खरी आहे, तिला हसण्यावारी नेता येत नाही. पण कागदावर वाट मोकळी आहे. २०१० पासून आपल्या राज्यात असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प ही आकारिक मूल्यमापनाची साधनं आहेतच. बाहेरच्या तासाची वही हाच त्यांचा पुरावा. वर्षाखेरीस शोभेचा थर्माकोलचा प्रकल्प बापाकडून करून घेण्यापेक्षा तो कितीतरी खरा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि आनंददायी शनिवारही आला आहे. त्या दिवसांत खेळ, गाणी हवीतच. पण त्यातले चार दिवस पाणी, माती, सावली आणि पाऊस यांना देऊन पाहा. एका वर्षात चार प्रश्न पुरे आहेत. दर आठवड्याला बाहेर जायचा संकल्प करून ऑगस्टमध्ये दमून थांबण्यापेक्षा चार तास नीट, परत येऊन, वाद घालून पूर्ण करणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर कठडा असलेल्या विहिरीपासून. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तसंच आपणही करू शकतो. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. दोरी सोडायची ती मोठ्या माणसानं, मुलांनी कठड्यापासून हातभर मागे राहून गाठी मोजायच्या. सप्टेंबरअखेर, जानेवारी, मार्च आणि सुट्टीआधी एप्रिलमध्ये, त्याच विहिरीत, कठड्यावरच्या त्याच खुणेपासून. यासाठी एक वेगळी जाड वही करा. पहिल्या पानावर विहिरीचं ठिकाण, कठड्याची उंची आणि मोजण्याची रीत लिहा, मोजणाऱ्या गटाच्या सह्या घ्या, आणि वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. बदली झाली तर जाताना ती पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या.